२०० किलोचा खांब आणि २ टनांचा जोर: बिजागरीवरचा खांब हायड्रॉलिकने उभा करण्याचं गणित

गावच्या मैदानावर रात्रीच्या कबड्डीसाठी फ्लडलाइटचे खांब उभे राहतात तेव्हा सगळे खूश असतात. पुढे एखादा दिवा जातो आणि तो बदलायला वर कोण चढणार, असा प्रश्न येतो. शिडी पोचत नाही आणि एका दिव्यासाठी क्रेन बोलावणं परवडत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे खांब बुडाशी बिजागरीवर बसवायचा. काम निघालं की तो आडवा पाडायचा, जमिनीवर उभं राहून दिवा बदलायचा आणि हायड्रॉलिक सिलिंडरने खांब परत उभा करायचा.

फॅब्रिकेशनच्या दुकानात असा खांब करायला घेतला की पहिला प्रश्न असतो, "सिलिंडर किती टनी घ्यायचा?" बहुतेक जण खांबाचं वजन बघून अंदाज बांधतात. २०० किलोचा खांब असेल तर अर्ध्या टनाचा सिलिंडर भरपूर झाला, असं त्यांना वाटतं. तो सिलिंडर खांबाला जमिनीवरून बोटभरही हलवणार नाही. सिलिंडर वजनाशी झगडत नाही, मोमेंटशी, म्हणजे वजन गुणिले बिजागरीपासूनचं अंतर याच्याशी झगडतो. तो मोमेंट कसा काढायचा, त्यावरून बल कसं येतं आणि पुढे काय काय तपासायचं, हे एका खांबाचे खरे आकडे घेऊन बघू. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काम भागतं.

आपला खांब

बिजागरीच्या वर ८ मीटर लांबीचा, १५० नॉमिनल बोअरचा (आतल्या व्यासाचं नाममात्र माप, मिमीत) मीडियम जाडीचा पाइप. बाहेरचा व्यास १६५.१ मिमी, जाडी ४.८५ मिमी, वजन मीटरला साधारण १९.२ किलो. टोकाला चार एलईडी दिवे आणि त्यांची चौकट मिळून ४० किलो. आतून जाणारी केबल ६ किलो. बिजागरीची पिन जमिनीपासून १.१ मीटर उंच.

वजन किती, यापेक्षा ते बिजागरीपासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणायचं. पाइप १५४ किलो, त्याचा मध्य ४ मीटरवर, म्हणजे ६१६. दिवे ४० किलो, ८ मीटरवर, म्हणजे ३२०. केबल ६ किलो, ४ मीटरवर, म्हणजे २४. बेरीज ९६० किलो-मीटर. ९.८१ ने गुणलं की ९,४१८ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळपास ९.४ किलोन्यूटन-मीटर. एकूण वजन बरोबर २०० किलो आणि गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४.८ मीटरवर.

दिव्यांकडे जरा बघा. वजनात त्यांचा वाटा पाचवा आहे, मोमेंटमध्ये मात्र तिसरा. "अजून दोन दिवे टाकू, वीस किलोने काय होतंय?" असं कुणी म्हणालं तर वीस गुणिले आठ करून दाखवा.

खांब तयार झाल्यावर हा आकडा खरा आहे का ते तपासता येतं, आणि तपासावाच. खांब बिजागरीत अडकवा, टोकाला लटकता वजनकाटा बांधा आणि चेनब्लॉकने टोक जेमतेम अधांतरी करा. काट्यावर १२० किलो यायला हवेत, कारण ९६० भागिले ८ म्हणजे १२०. १४० आले तर पाइप जाड निघाला आहे किंवा चौकट जड झाली आहे. पुढचं सगळं गणित त्या नव्या आकड्याने करायचं.

तीन पिनांचा त्रिकोण

आता सिलिंडर. यात तीन पिना आहेत: खांबाची बिजागरी, सिलिंडरची खालची पिन आणि सिलिंडर खांबाला जिथे जोडला ती वरची पिन. या तिघींचा त्रिकोण जमला की अर्धं काम झालं.

बिजागरीच्या पिनेचा मध्य शून्य धरा. खांब ज्या बाजूला आडवा पडतो त्या बाजूला ०.८ मीटर पुढे आणि बिजागरीच्या ०.९ मीटर खाली सिलिंडरची खालची पिन ठेवू. ती जमिनीपासून वीतभर वर राहते, त्यामुळे पावसाळ्यात चिखलात बुडत नाही.

वरची पिन कुठे घ्यायची? पहिल्या वेळी मी ती बिजागरीपासून १ मीटरवर घेतली होती. तरफ जितकी लांब तितका जोर कमी लागेल, हा त्यामागचा विचार. विचार बरोबर होता, पण खांब आडवा असताना दोन पिनांमधलं अंतर ०.९२ मीटर आलं आणि उभा असताना २.०६ मीटर. म्हणजे स्ट्रोक, रॉड जेवढा बाहेर यायला हवा ते अंतर, १.१४ मीटर. मिटलेल्या अवस्थेत ०.९२ मीटरचा सिलिंडर १.१४ मीटर बाहेर कसा येणार? साध्या एकटप्पी सिलिंडरची मिटलेली लांबी ही स्ट्रोकपेक्षा नेहमीच जास्त असते. पिस्टन, ग्लँड (रॉड बाहेर येतो तिथलं सीलचं झाकण) आणि दोन टोकांचे पिनेचे डोळे मिळून आणखी २०० ते ३०० मिमी धरावे लागतात. डंपरमध्ये असतो तसा टेलिस्कोपिक सिलिंडर घेतला तर जमतं, पण तो महाग पडतो आणि त्यातले बरेचसे फक्त ढकलतात, ओढत नाहीत. ओढणं का लागतं ते पुढे येईलच.

म्हणून वरची पिन ०.५ मीटरवर आणली. आता मिटलेली लांबी ०.९४९, उघडलेली १.६१२, स्ट्रोक ६६४ मिमी. मिटलेल्या लांबीतून स्ट्रोक वजा केला तर २८५ मिमी उरतात. एवढ्यात सिलिंडर बसतो.

लांबी काढण्यासाठी पायथागोरस पुरतो. खांब जमिनीशी ज्या कोनात आहे त्याचा कॉस गुणिले ०.५ हे वरच्या पिनेचं आडवं अंतर, साइन गुणिले ०.५ ही तिची उंची. खालच्या पिनेपासून आडवा फरक आणि उभा फरक काढा, दोघांचे वर्ग मिळवा, वर्गमूळ घ्या. कोन मोजायचा तो बिजागरी आणि वरची पिन यांना जोडणाऱ्या रेषेचा. ब्रॅकेटमुळे ही रेषा पाइपच्या मध्यरेषेपासून चार-पाच अंश हटलेली असू शकते. तसं असेल तर ड्रॉइंगवर मोजून घ्या.

यानंतर भुजा, म्हणजे बिजागरीपासून सिलिंडरच्या रेषेवर टाकलेला लंब. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट भागिले पाया, हे शाळेतलंच सूत्र इथे कामाला येतं. आपल्या मापांत: ०.९ गुणिले वरच्या पिनेचं आडवं अंतर, अधिक ०.८ गुणिले तिची उंची, या बेरजेला सिलिंडरच्या त्या वेळच्या लांबीने भागा. खांब आडवा असताना ०.९ × ०.५ = ०.४५, भागिले ०.९४९, भुजा ०.४७४ मीटर.

मग सिलिंडरचं बल म्हणजे वजनाचा मोमेंट भागिले भुजा. खांब वर जाईल तसा वजनाचा मोमेंट कोनाच्या कॉसप्रमाणे घटतो. दर १५ अंशांना आकडे काढले तर असे येतात (लांबी व भुजा मीटरमध्ये, मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये, बल किलोन्यूटनमध्ये):

| कोन | सिलिंडरची लांबी | भुजा | मोमेंट | बल |
|---|---|---|---|---|
| ०° | ०.९४९ | ०.४७४ | ९.४२ | १९.९ |
| १५° | १.०७७ | ०.५०० | ९.१० | १८.२ |
| ३०° | १.२०७ | ०.४८९ | ८.१६ | १६.७ |
| ४५° | १.३३१ | ०.४५२ | ६.६६ | १४.७ |
| ६०° | १.४४२ | ०.३९६ | ४.७१ | ११.९ |
| ७५° | १.५३७ | ०.३२७ | २.४४ | ७.५ |
| ९०° | १.६१२ | ०.२४८ | ० | ० |

१९.९ किलोन्यूटन म्हणजे २ टनांहून थोडं जास्त, खांबाच्या वजनाच्या दहा पट. गुरुत्वमध्य ४.८ मीटरवर आणि सिलिंडरची भुजा जेमतेम अर्धा मीटर, मग दहा पट होणारच. सगळ्यात जास्त जोर पहिल्या इंचाला लागतो. खांब जमिनीवरून सुटला की काम हलकं होत जातं.

गणित चुकलं नाही ना, हे बघायची एक सुंदर युक्ती आहे. सिलिंडरने केलेलं काम हे खांब वर नेण्याच्या कामाइतकंच असायला हवं. २०० किलो ४.८ मीटर वर गेले म्हणजे ९,४१८ जूल. आता तक्त्यातल्या प्रत्येक दोन ओळींमधल्या बलांची सरासरी घ्या, लांबीतल्या फरकाने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. माझी बेरीज ९,३४० जूलच्या आसपास आली, फरक एक टक्क्याच्या आत. पंधरा-पंधरा अंशांच्या उड्या मारल्यामुळे एवढा फरक राहणारच. तुमची बेरीज ७,००० किंवा १२,००० आली तर कुठेतरी भुजा चुकली आहे. सिलिंडर विकत आणण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा.

बोअर आणि दाब

पिनांमधलं घर्षण, सीलचं घर्षण, सुरुवातीचा झटका आणि खांबाखाली अडकलेली माती, या सगळ्यांसाठी मी दीडपट धरतो. १९.९ चे ३० किलोन्यूटन झाले.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ५० मिमी बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं, क्षेत्रफळ १,९६३ चौ. मिमी, ३० किलोन्यूटनसाठी १५३ बार लागतील. ६३ मिमीचं ३,११७ चौ. मिमी, ९६ बारमध्ये भागतं. ५० चा सिलिंडर चुकीचा नाही, पण गावात वर्षातून दोनदा वापरली जाणारी वस्तू कमी दाबावर चाललेली बरी. होज, फिटिंग आणि सील यांना त्रास कमी होतो. म्हणून ६३ घ्या आणि रिलीफ व्हॉल्व्ह १०० बारवर लावा. त्या दाबाला सिलिंडर ३१ किलोन्यूटन देतो, त्यापुढे तेल टाकीत परत जातं. खांब कुठे अडकला तर वाकण्याआधी पंप थांबल्यासारखा होतो. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू "उचलत नाही म्हणून" पिळणारे हात असतात. सेटिंग झाल्यावर त्याला सील लावा.

रॉडची जाडी बहुतेक जण दुकानदारावर सोडतात. सोडू नका. पूर्ण बाहेर आलेला सिलिंडर ही १.६ मीटरची बारीक काठी असते आणि काठी दाबाखाली आधी वाकते. ऑयलरच्या सूत्राने, सगळी लांबी रॉडच्याच जाडीची आणि दोन्ही टोकांना पिन धरून, ३६ मिमी रॉड सुमारे ६४ किलोन्यूटनला वाकतो. रिलीफच्या ३१ पुढे ही फक्त दुप्पट झाली. ४५ मिमीचा रॉड १५७ किलोन्यूटनपर्यंत जातो, म्हणजे पाचपट. फरक नऊ मिलिमीटरचा, पण ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ४५ च घ्या.

स्ट्रोक ७०० मिमी आणि मिटलेली लांबी ९३० मिमी मागवा. दोन्ही टोकांना १८-१९ मिमी शिल्लक राहतात. खांब आडवा झाल्यावर लाकडी ठोकळ्यावर टेकला पाहिजे आणि उभा झाल्यावर फ्लँजवर (बुडाच्या बोल्टच्या चकतीवर) बसला पाहिजे. पिस्टन कुठेही स्वतःच्या झाकणावर आपटता कामा नये.

शेवटचे पंधरा अंश

तक्त्यात ९० अंशांना बल शून्य दिसतं आणि तिथेच घात होतो. ते शून्य फक्त वजनाचं आहे. वाऱ्याचा मोमेंट त्याच वेळी सर्वात मोठा असतो आणि आपली भुजा सर्वात लहान.

वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये काढायला वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणायचं, वेग मीटर प्रति सेकंदात. १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३६ किमी वारा धरला तर ६० पास्कल. पाइपचं समोरचं क्षेत्र १.३२ चौ. मीटर, गोल आकाराचा गुणांक १.२, दिव्यांचं क्षेत्र ०.५ चौ. मीटर, गुणांक १.५. दोन्ही मिळून बिजागरीपाशी ७४० न्यूटन-मीटर. भागिले ०.२४८ म्हणजे ३ किलोन्यूटन. आकडा मोठा नाही, पण खांब ज्या बाजूला आडवा पडतो त्या बाजूने वारा आला तर हेच बल सिलिंडरला ढकलण्याऐवजी बाहेर ओढतं. खांब ९० च्या एक अंश पुढे गेला तरी वजनही त्याच बाजूला जातं. पंप बंद असतानाही खांब स्वतःहून पलीकडच्या बाजूला पडू पाहतो.

म्हणून सिलिंडर डबल ॲक्टिंगच, म्हणजे ढकलणारा आणि ओढणाराही हवा. ६३ च्या बोअरमधून ४५ चा रॉड वजा केला की ओढण्याच्या बाजूला १,५२७ चौ. मिमी उरतात, १०० बारला १५ किलोन्यूटन, गरजेच्या पाचपट. आणि तेल आत-बाहेर जाण्याच्या दोन्ही पोर्टवर काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भार धरून ठेवणारा आणि तेल हळूहळू सोडणारा) बसवा, तेही थेट सिलिंडरच्या अंगावर. होजच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला व्हॉल्व्ह होज फुटल्यावर काहीच धरून ठेवत नाही. पायलट चेक व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो आणि खांब स्थिर धरतोही, पण खाली उतरवताना तो उघड-मिट करत राहतो आणि ८ मीटरचा खांब गचके खात उतरतो. यात पैसे वाचवू नयेत.

वादळी वाऱ्याचं काय? पुण्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, मुंबईसाठी ४४. ३९ ला दाब ९१३ पास्कल होतो, बुडाशी मोमेंट ११.३ किलोन्यूटन-मीटर आणि सिलिंडरवर ४५ किलोन्यूटन. सिलिंडर त्यासाठी केलेला नाही. उभा झाल्यावर खांब फ्लँजच्या चार एम-२० बोल्टांवर घट्ट बसला पाहिजे. बोल्टांच्या दोन ओळींत २८० मिमी अंतर असेल तर प्रत्येक ताणलेल्या बोल्टवर २० किलोन्यूटन येतात आणि ८.८ ग्रेडचा बोल्ट ते सहज पेलतो. चारही बोल्ट आवळल्याशिवाय जागा सोडायची नाही.

बिजागरी वर उचलली जाते

हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. खांब आडवा असताना सिलिंडर त्याला खालून १८.८ किलोन्यूटनने वर ढकलतो. खांबाचं वजन मात्र फक्त २ किलोन्यूटन. उरलेले १६.९ कोण धरतं? बिजागरी. खांबाचं बूड वर उसळू पाहतं आणि बिजागरीचा स्टँड जमिनीतून उपटू पाहतं. शिवाय ६.३ किलोन्यूटनचा आडवा रेटाही असतो. दोन्ही मिळून पिनेवर १८, दीडपटीने २७ किलोन्यूटन. पिन दोन्ही बाजूंनी धरलेली असेल तर २५ मिमीच्या ईएन-८ पोलादाच्या पिनेवर साडेसत्तावीस मेगापास्कलच येतात, पिन टिकते. तुटतो तो स्टँडच्या बुडाचा वेल्ड, कारण वजन खाली दाबणार असं समजून तो केलेला असतो.

यावर उपाय म्हणजे बिजागरीचा स्टँड आणि सिलिंडरची खालची पिन एकाच चॅनेलच्या फ्रेमवर घेणं. एक वर ओढते, दुसरी खाली दाबते आणि दोघींची भांडणं फ्रेममध्येच मिटतात. पायाला फक्त खांबाचं वजन आणि उलथवणारा मोमेंट कळतो. १.२ मीटर रुंद, २ मीटर लांब आणि १ मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे ५७ किलोन्यूटनचा होतो. अरुंद बाजूने वादळी वारा आला तरी उलथण्याच्या दुप्पटीहून जास्त विरोध तो करतो. काळ्या मातीत मात्र खोली वाढवा. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते.

पाइप वाकेल का, तेही बघून घ्या. वरच्या पिनेपाशी, खांब आडवा असताना, पुढच्या साडेसात मीटरचा मोमेंट ८.४५ किलोन्यूटन-मीटर येतो. आपल्या पाइपचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोधाचं माप; मोमेंटला याने भागलं की ताण येतो) ९५,००० घन मिमी, ताण ८९ मेगापास्कल, दीडपटीने १३३. साध्या पाइपचं पोलाद २१० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकतं, तेव्हा ठीक. हाच खांब १०० नॉमिनल बोअरच्या पाइपचा केला असता तर पाइपचं वजन घटून सिलिंडर लहान लागला असता, पण ताण १५९ आणि झटक्यासकट २३८ झाला असता. असा खांब जागेवरच कोपरासारखा दुमडतो. वरच्या पिनेच्या ब्रॅकेटखाली पाइपला अर्ध्या मीटरचं दुहेरी कवच दिलं तर आणखी चांगलं.

किती वेळात उचलायचा

६६४ मिमी स्ट्रोकला २.०७ लिटर तेल लागतं. ट्रॅक्टरच्या पंपाने मिनिटाला २० लिटर तेल दिलं तर खांब ६ सेकंदांत उभा राहील आणि टोकाचे दिवे तेवढ्या वेळात साडेबारा मीटरचा चाप कापतील. असं कधीही करू नका. फ्लो कंट्रोलने प्रवाह मिनिटाला २ लिटरवर आणा, म्हणजे मिनिटभर लागेल. हातपंप मला जास्त आवडतो. एका हेलकाव्याला २० घन सेमी तेल देणारा पंप १०४ हेलकाव्यांत खांब उभा करतो. एकूण काम साडेनऊ हजार जूलच आहे, दोन माणसं आलटून पालटून आरामात करतात. शिवाय हाताला जोर वाढलेला लगेच कळतो.

पहिल्यांदा उचलण्याआधी सिलिंडर खांबाला न जोडता दोन-तीनदा पूर्ण आत-बाहेर करून हवा काढा. हवा राहिली तर खांब मधेच उसळी मारतो. खांबाच्या लांबीइतक्या वर्तुळात आणि त्यापलीकडेही मोकळ्या अंतरात विजेच्या तारा नाहीत ना, ते डोळ्यांनी बघा. तारा असतील तर जागाच बदला. पडण्याच्या रेषेत आणि खांबाखाली कुणी नको, मुलं तर मुळीच नकोत.

पंपाजवळ प्रेशर गेज बसवा आणि त्यावर नजर ठेवा. खांब ठोकळ्यावरून सुटताना ६४ बार दिसले पाहिजेत, ४५ अंशांना ४७, ६० अंशांना ३८. घर्षणाने पाच-सात बार वाढतील, ते चालतं. सुरुवातीलाच ८५ दिसले तर पंप थांबवा, खांब खाली टेकवा आणि कारण शोधा: पिनेत ग्रीस नाही, बिजागरीच्या दोन पट्ट्या एका रेषेत नाहीत किंवा खांबाचं टोक कुठेतरी अडकलं आहे. हे आकडे पंपाच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा, शेजारी तेलाचा ग्रेड आणि रिलीफचं सेटिंगही. पाच वर्षांनी दिवा बदलायला येणारा माणूस दुसराच असेल आणि त्याच्याकडे तुमचा कागद नसेल.